एकेचाळीस मतपत्रिका

नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या बातम्या दूरदर्शन संचावर सतत चालू असताना, सातवीच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने मला विचारले, "बाई, तिकडचे लोक त्यांच्या राष्ट्राध्यक्षाला मत देतात, मग आपण आपल्या राष्ट्रपतींना का देत नाही?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला. "आणि जिला जास्त मतं मिळाली, ती हरली कशी?" दोन्ही प्रश्न रास्त होते आणि त्यांची उत्तरे देण्यासाठी माझ्याजवळ जे पाठ्यपुस्तक होते, ते त्या दिवशी मला अपुरे वाटले. तेव्हापासून दरवर्षी मी या विषयासाठी लागोपाठ तीन तास राखून ठेवते, आणि त्या तासांत काय घडते ते इथे नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

मतदानाविषयी आपण मुलांना जे शिकवतो, त्याचा बराचसा भाग आवाहनाचा असतो. मतदान हा हक्क आहे, ते कर्तव्यही आहे, वय १८ पूर्ण झाले की यादीत नाव नोंदवावे, बोटाला शाई लावून घ्यावी. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनाची प्रतिज्ञा होते, घोषवाक्यांचे फलक रंगवले जातात. हे सर्व योग्यच आहे आणि ते करताना मी कधी हात आखडता घेतलेला नाही. परंतु या सगळ्यात मते मोजायची कशी, हा प्रश्न कुठेच येत नाही. "ज्याला जास्त मते, तो निवडून येतो" हे एक वाक्य आपण लहानपणी मुलांच्या हाती देतो आणि ती जणू निसर्गाची रीत असावी तसे पुढे जातो. प्रत्यक्षात ती अनेक रीतींपैकी एक आहे, आणि जगातल्या कित्येक देशांनी आपला राष्ट्रप्रमुख निवडताना ती वापरलेली नाही. आपणही नाही.

पहिल्या वर्षी मी मुलांकडून खरेखुरे मतदान करून घेतले आणि तो तास फसला. शनिवारच्या शेवटच्या तासाला मैदानी खेळ, विज्ञानाचे प्रयोग की चित्रकला, असा विषय ठेवला होता. तीन पर्यायांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायला सांगितले होते. जवळजवळ सगळ्या वर्गाने खेळापुढे १ लिहिला, काहींनी आकड्याऐवजी बरोबरची खूण केली, आणि पाच मिनिटांत निकाल लागून मुले मैदानाकडे पळाली. शिकण्यासारखे काही उरलेच नाही. वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेऊन त्यावरून शिकवावे, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले होते, पण ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात ज्या मुलाला दोनच मते पडतात, ते मूल तो आकडा घरी घेऊन जाते आणि पुढे अनेक महिने विसरत नाही. मतमोजणी शिकवण्यासाठी कुणाच्या मनाला अशी जखम करण्याची गरज नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी रात्री बसून एकेचाळीस मतपत्रिका स्वतःच भरल्या. वेगवेगळ्या पेनांनी, शक्य तितक्या वेगवेगळ्या वळणांनी. विषय तोच ठेवला, मतदार काल्पनिक केले. मुलांचे काम फक्त मोजण्याचे. त्यातल्या १८ मतपत्रिकांवर खेळाला पहिली पसंती होती, १३ वर प्रयोगांना आणि १० वर चित्रकलेला. खेळाच्या १८ जणांपैकी १५ जणांची दुसरी पसंती चित्रकला आणि ३ जणांची प्रयोग. प्रयोगांच्या १३ जणांपैकी ११ जणांची दुसरी पसंती चित्रकला, २ जणांची खेळ. चित्रकलेच्या १० जणांपैकी ९ जणांची दुसरी पसंती प्रयोग आणि एकाची खेळ. वाचकांनी हे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत, कारण वर्गातली मुलेही तेच करतात.

पहिली फेरी सोपी असते. फक्त पहिली पसंती मोजायची. खेळाला १८, म्हणून खेळ जिंकला. मुले टाळ्या वाजवतात. मग मी विचारते की ४१ पैकी २३ जणांची पहिली पसंती खेळ नव्हती, त्यांचे काय? थोडी चुळबुळ होते. निम्म्यांहून अधिक, म्हणजे २१ मते मिळवणाराच विजयी, असा नियम आपण केला तर? मग सर्वांत कमी मते असलेली चित्रकला स्पर्धेतून बाहेर काढायची आणि तिच्या दहा मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. नऊ प्रयोगांच्या गठ्ठ्यात जातात, एक खेळाच्या. प्रयोग २२, खेळ १९. प्रयोग जिंकले. या वेळी टाळ्या थोड्या उशिरा वाजतात, कारण मतपत्रिकांवरचे एकही अक्षर बदललेले नाही, हे मुलांच्या ध्यानात आलेले असते.

तिसऱ्या फेरीत दोन-दोन पर्यायांची आपसात झुंज लावायची. चित्रकला विरुद्ध प्रयोग: खेळवाल्या १५ जणांची मते चित्रकलेला मिळून २५ विरुद्ध १६. चित्रकला विरुद्ध खेळ: २१ विरुद्ध २०. जी चित्रकला दुसऱ्या फेरीत सर्वांत आधी बाद झाली होती, तिने समोरासमोर दोघांनाही हरवले. अठराव्या शतकात कोंदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने मतमोजणीच्या या गुंत्यांवर फार खोलवर विचार केला होता, एवढे मी सांगते आणि थांबते. सातवीच्या मुलांना त्याहून अधिक नको असते. त्यांना तीन रीती आणि तीन विजेते पुरतात.

खरी गंमत मात्र चौथ्या मोजणीत आहे. प्रत्येक मतपत्रिकेच्या मागे मी बाकांच्या रांगेचा क्रमांक लिहून ठेवलेला असतो. पाच रांगा, पहिलीत ९ मतदार आणि बाकीच्या चारांत प्रत्येकी ८. चित्रकला बाजूला ठेवून फक्त खेळ आणि प्रयोग यांच्यात मोजणी करायची, पण रांगेनुसार. पहिल्या रांगेत खेळ ५, प्रयोग ४. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत खेळ ५, प्रयोग ३. चौथ्या आणि पाचव्या रांगेत खेळ २, प्रयोग ६. आता नियम असा की, ज्याला रांगेत अधिक मते, त्याला त्या रांगेची सगळी मते. खेळाला ९ अधिक ८ अधिक ८, म्हणजे २५. प्रयोगांना १६. प्रत्यक्षात मात्र प्रयोगांच्या बाजूने २२ जण आहेत आणि खेळाच्या बाजूने १९. एकदा एक मुलगी फळ्यापर्यंत आली, तिने दोन्ही बेरजा पुन्हा तपासल्या, खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे अमेरिकेत असं झालं होतं." ज्या प्रश्नाचे उत्तर मला तोंडी देता आले नव्हते, ते तिला बेरजेतून सापडले होते.

त्यानंतर अमेरिकेची पद्धत सांगायला मला दहा मिनिटेही लागत नाहीत. तिथे राष्ट्राध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणारे ५३८ प्रतिनिधी, म्हणजे निर्वाचक, असतात आणि जिंकण्यासाठी त्यांपैकी २७० लागतात. राज्याच्या लोकसंख्येनुसार निर्वाचकांची संख्या कमीजास्त असते. २०२४ च्या निवडणुकीत कॅलिफोर्नियाचे ५४ होते, तर वायोमिंगचे फक्त ३. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर बाकी सर्वत्र राज्यात ज्याची मते अधिक, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. आमच्या रांगांचा नियम तोच. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली, पण निर्वाचकांत डोनाल्ड ट्रम्प ३०४ विरुद्ध २२७ असे पुढे राहिले. २००० साली अल गोर यांच्या बाबतीतही असेच घडले होते. फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश यांची आघाडी अवघ्या ५३७ मतांची होती आणि त्या एका राज्यावर साऱ्या देशाचा निकाल ठरला. ५३७ हा आकडा मी फळ्यावर मोठा लिहिते, कारण तो एखाद्या मोठ्या शाळेच्या पटसंख्येपेक्षाही लहान आहे.

दुसऱ्या फेरीतला निकालही कागदावरचा खेळ नव्हे. आयर्लंडमध्ये १९९० साली राष्ट्राध्यक्षपदासाठी ब्रायन लेनिहान यांना पहिल्या पसंतीची सुमारे ४४ टक्के मते होती आणि मेरी रॉबिन्सन यांना सुमारे ३९ टक्के. तिसरे उमेदवार बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजली गेली आणि रॉबिन्सन त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. फ्रान्समध्ये मतपत्रिकेवर क्रम लिहीत नाहीत. कुणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांतच पुन्हा मतदान होते. २००२ साली तिथे पहिल्या फेरीत सोळा उमेदवार होते. मते इतकी विभागली गेली की तेव्हाचे पंतप्रधान लिओनेल जोस्पँ तिसऱ्या क्रमांकावर जाऊन स्पर्धेबाहेर पडले. आणि पहिल्या फेरीत २० टक्क्यांच्याही आत असलेले जाक शिराक दुसऱ्या फेरीत ८२ टक्के मतांनी निवडून आले.

एवढे झाल्यावर वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, आणि तो यावा म्हणूनच मी हा सारा खटाटोप करते. "मग बाई, खरं कोण जिंकलं?" या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई मी करत नाही. मुलांना भांडू देते. कुणी म्हणते खेळ, कारण पहिली पसंती सर्वांत जास्त त्याला. कुणी म्हणते चित्रकला, कारण ती फारशी कुणाला नकोशी नाही. बराच वेळ वाद झाल्यावर कुणीतरी म्हणते की हे आधीच ठरवायला हवे होते. नेमके हेच. मतपेटी उघडण्याआधी, किंबहुना पहिली मतपत्रिका पेटीत पडण्याआधी, मोजण्याचा नियम ठरलेला असला पाहिजे आणि तो सर्वांना ठाऊक असला पाहिजे. निकाल पाहून नियम निवडायचा म्हटला, तर प्रत्येक जण आपल्याला सोयीचाच निवडील, आणि मग हरलेल्याला तो निकाल मान्य करायला आपण कोणत्या तोंडाने सांगणार? संविधानात राष्ट्रपतींच्या निवडणुकीची रीत इतक्या बारकाईने का लिहिली आहे, हे मुलांना इथे समजते. कलम ५४ आणि ५५ वाचण्याआधीच समजते.

दुसरा तास आपल्या राष्ट्रपतींचा. आपण नागरिक त्यांना थेट मत देत नाही. आपण निवडून दिलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे आमदार देतात. नामनिर्देशित सदस्यांना हा अधिकार नाही. आपल्याकडे कारभार मंत्रिमंडळाच्या हाती असतो; मग देशभर थेट मतदान घेऊन निवडलेल्या राष्ट्रपतींच्या हाती प्रत्यक्ष सत्ता नसावी हे विसंगत ठरेल, असा विचार संविधान सभेत मांडला गेला होता. हे मी सांगते, पण मुलांचा जीव रमतो तो मताच्या मूल्यात, कारण तिथे गणित येते. प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य सारखे नसते. राज्याच्या १९७१ च्या जनगणनेतील लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या एकूण संख्येने भागायचे आणि येणाऱ्या उत्तराला पुन्हा हजाराने. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. आमदार २८८. भागाकार मुले स्वतः करतात. १७५ उत्तर आले की वर्गात समाधानाची एक लहर उठते. उत्तर प्रदेशातील आमदाराच्या मताचे मूल्य २०८, सिक्कीममधील आमदाराच्या मताचे ७.

"पण १९७१ च का? तेव्हा तर माझे बाबाही जन्मले नव्हते." हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्याचे उत्तर राज्याराज्यांतल्या न्यायाचे आहे. ज्या राज्यांनी लोकसंख्यावाढ आटोक्यात ठेवली, त्यांचे वजन त्यामुळे घटू नये, म्हणून हे आकडे तिथेच गोठवले गेले आणि पुढे घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली गेली. खासदाराच्या मताचे मूल्य काढताना सर्व आमदारांच्या मतांची एकूण बेरीज घेऊन तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागतात. २०२२ मध्ये ती बेरीज ५,४३,२३१ होती, खासदार ७७६. मूल्य आले ७००. अशा रीतीने संसदेचे आणि राज्यांचे वजन जवळजवळ समसमान राहते. हे गणित ज्या दिवशी होते, त्या दिवशी संघराज्य या शब्दाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

आणि मग १९६९. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर झालेल्या त्या निवडणुकीत विजयासाठी ४,१८,१६९ मतमूल्य हवे होते. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीचे ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि तिसरे होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, त्यांना १,१२,७६९. कुणाचाच कोटा पूर्ण झाला नाही. एकेक उमेदवार बाद होत गेला, शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या गेल्या आणि त्यांतला मोठा भाग रेड्डी यांच्याकडे गेला. रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत पोहोचले, पण गिरी ४,२०,०७७ वर जाऊन निवडून आले. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीवर निकाल न लागण्याची ही एकच वेळ. आयर्लंडमध्ये मागचा पुढे गेला, इथे पुढचा पुढेच राहिला, पण कसाबसा. मी हे आकडे फळ्यावर लिहिते तेव्हा मुलांना काही समजावून सांगावे लागत नाही. आदल्या दिवशी त्यांनी चित्रकलेच्या दहा मतपत्रिका स्वतःच्या हातांनी वाटलेल्या असतात.

एक पथ्य मी कटाक्षाने पाळते. मी स्वतः कुणाला मत देते, हे वर्गात कधीही सांगत नाही, मुलांनी कितीही गळ घातली तरी. मुले घरून मते घेऊन येतात आणि ती फार ठामपणे बोलतात, ते साहजिक आहे. एका वर्षी एक पालक काळजीने भेटायला आले होते. निवडणुकीबद्दल शिकवताना मी मुलांना एखाद्या पक्षाकडे वळवते आहे की काय, अशी त्यांना शंका होती. मी त्यांना त्या एकेचाळीस मतपत्रिका दाखवल्या. ते खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास मोजत राहिले.

तिसऱ्या तासाला मी बाद मतांविषयी बोलते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. जांभळ्या शाईचे ठरावीक पेन मतदान केंद्रावरच मिळते, आणि दुसऱ्या पेनाने लिहिलेले मत बाद होते. पसंतीक्रम आकड्यात लिहावा लागतो. आकडा मराठीतला चालतो, पण अक्षरी "एक" लिहिले तर चालत नाही. पहिली पसंती लिहिलीच पाहिजे, पुढच्या पसंती ऐच्छिक. पक्षाला आपल्या आमदार-खासदारांवर पक्षादेश बजावता येत नाही, मतदान गुप्त असते. २०२२ मध्ये एकूण ५३ मते बाद ठरली आणि त्यांतली १५ खासदारांची होती, हे ऐकून मुले थक्क होतात. आपल्यातल्याच काहींनी आकड्याच्या जागी बरोबरची खूण केली होती, त्याची थट्टा त्यानंतर कुणी करत नाही.

माझ्या एकेचाळीस मतपत्रिकांतली एक आता खराब झाली आहे. कुणाच्या तरी ओल्या बोटाने शाई पसरली. तिच्यावर पहिली पसंती प्रयोगांना आहे, ती स्वच्छ दिसते, पण चित्रकलेपुढचा आकडा २ आहे की ३, हे सांगता येत नाही. मराठी २ आणि ३ मध्ये तसेही एका गाठीचाच फरक असतो. तो २ वाचला तर चित्रकला खेळाला २१ विरुद्ध २० अशी हरवते. ३ वाचला तर खेळ २१ आणि चित्रकला २०. आणि ती पसंती वाचताच येत नाही असे धरले, तर दोन्हीकडे वीस-वीस. नवी मतपत्रिका लिहून ठेवणे मला सहज शक्य आहे, पण मी ती बदललेली नाही. ती मतपत्रिका हाती आली की वर्गातला सर्वांत गंभीर वाद सुरू होतो. मुले ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतात, तिसऱ्या चौकटीतला आकडा पाहून अंदाज बांधतात, खेळवाल्यांना ३ दिसतो आणि चित्रकलावाल्यांना २. गेल्या वर्षीच्या वर्गाने पेटी उघडण्याआधीच लिहून ठेवले होते की, न वाचता येणारी पसंती तिथेच थांबलेली मानावी, आणि समसमान झाल्यास चिठ्ठी टाकावी. मग खरोखरच वीस-वीस झाले. चिठ्ठी खेळाची निघाली. चित्रकलेच्या बाजूने तावातावाने बोलणारा मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने स्वतःच फळ्यावर खेळाच्या नावापुढे "विजयी" असे लिहिले आणि जागेवर जाऊन बसला.